संकेश्वरच्या हॉटेलातली दहाची न्याहारी

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. आधी चहा टाका, मग वाचायला बसा.

आमच्या घरची पोरं आता पुण्यात आणि बेंगळुरात असतात. रविवारी उशिरा उठायचं, अकराला चौघांनी मिळून कॅफेत जायचं, दोन तास गप्पा ठोकत बसायचं आणि नाष्टा-जेवण एकदमच उरकायचं, याला ती ब्रंच म्हणतात. दिवाळीला गावी आली की बेळगावात टिळकवाडीला जाऊन तेच करतात. शब्द तसा बराच जुना. गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकानं १८९५ मध्ये 'हंटर्स वीकली'त एक लेख लिहून या खाण्याची वकिली केली होती. शनिवारी रात्री जागलेल्या माणसाला रविवारी लवकर उठायला लावू नका, दुपारच्या जरा आधी निवांत खाऊ द्या, चार माणसांत बसून खाल्लं की माणूस खुलतो, असा त्याचा एकंदर सूर.

वेळेचंच म्हणाल तर आपल्याला यात नवं काही नाही. शेतावरची न्याहारी दहाच्या सुमारासच असते. पहाटे औत धरलेला माणूस बांधावर बसून भाकरी, झुणका, कांदा, खर्डा खातो तो उन्हं चढल्यावर. कचेरीत नोकरी करणाऱ्यांच्या घरी तर दहा वाजता पाटावर बसून पूर्ण वरण-भात जेवूनच बाहेर पडायची पद्धत होती. नवं आहे ते वेगळंच. सून, सासरा, लेक, जावई आणि त्यांचे कुठल्याही जातीचे मित्र एका टेबलाभोवती बसतात, एकमेकांच्या ताटलीतलं उचलून खातात, आणि आजूबाजूचं कोणी मान वळवून बघत नाही. आमच्या भागात इथवर यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली, आणि त्याची सुरुवात चहाच्या एका कपानं झाली.

पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० च्या ऑक्टोबरात एक व्याख्यान झालं. डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांचा त्यामागं हात होता. रानडे, टिळक आणि शहरातली बरीच नावाजलेली मंडळी जमली होती. व्याख्यान संपल्यावर चहा आणि बिस्किटं आली. कोणी चहा प्याले, कोणी मान राखायला कप नुसता हातात घेतला आणि ठेवून दिला. गोपाळरावांनी पुढं हजर असलेल्यांची यादीच वर्तमानपत्रात छापून आणली. ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा! पुण्यात गहजब झाला. सनातनी मंडळींनी फिर्याद नेली ती करवीर-संकेश्वर पीठाच्या शंकराचार्यांकडं, कारण पुण्याचा धर्मनिवाडा त्या पीठाच्या अखत्यारीतला. शंकराचार्यांनी चौकशीला शास्त्री नेमले, जबान्या झाल्या, प्रायश्चित्तं ठरली. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये स्नेह्यांच्या आग्रहाखातर ते घेतलं, आणि त्यामुळं सुधारकांतलेच कितीतरी त्यांच्यावर नाराज झाले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्या दिवसांतल्या घरच्या घालमेलीबद्दल लिहिलंय, जरूर वाचा.

तर ज्या पीठाच्या नावात आमचं गाव आहे, त्या पीठापुढं एका कप चहाचा निवाडा चालला. संकेश्वरात मठ आहे, शंकरलिंगाचं देऊळ आहे, हिरण्यकेशीचा काठ आहे. त्याच गावात आज सकाळी कोणीही कुठल्याही गाड्यावर चहा पितो आणि कप कोणी धुतला हे विचारत नाही. लहानपणी मी देवळाच्या आवारात खेळले, पण ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. बऱ्याच उशिरा वाचनात आली.

त्या काळी चहाच मुळात नवा होता. आमच्या आजीच्या माहेरी चहा नव्हताच, ताक होतं, गूळ-पाणी होतं. चहाच्या मळेवाल्यांनी १९०३ पासून उपकर भरून चहाची जाहिरात सुरू केली. पुढं स्टेशनांवर, बाजारात, जत्रेत चहा करून पाजायचे, कसा करायचा ते दाखवायचे. देशभक्त आणि वैद्य मंडळी चहाला शिव्या घालत होती. तरी चहा जिंकला. चहा आला तसं हॉटेल आलं. आमच्याकडं हॉटेल म्हणजे चहा-फराळाचं दुकान बरं का, राहायची जागा नव्हे. जेवणाची ती खानावळ. हा शब्द कन्नडनंही आपलासा केलाय. धारवाड-हुबळीपर्यंत पाट्यांवर 'खानावळी' लिहिलेलं दिसतं. आणि उत्तर कर्नाटकातला माणूस 'चहा'च म्हणतो. म्हैसूरकडचे लोक टी म्हणतात, त्यावरून आमच्याकडं त्यांची थट्टाही चालायची.

हॉटेल आलं आणि लगेच प्रश्न उभा राहिला तो आत कोण बसणार याचा.

याचं पहिलं मोठं उत्तर आमच्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, कोल्हापुरात मिळालं. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून तिथल्याच नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. गंगारामांना मात्र नोकरीत ठेवलं नाही, पैसे दिले आणि स्वतंत्र धंदा काढ म्हणाले. १९२० च्या आसपासची ही गोष्ट. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल निघालं. आता अस्पृश्याच्या हॉटेलात चहा प्यायला येणार कोण? कोणी येईना. मग महाराजांची गाडीच त्या दारात थांबायला लागली. गंगाराम, चहा आण, अशी हाक जायची. स्वतः प्यायचे आणि गाडीतल्या बड्या मंडळींनाही प्यायला लावायचे. राजानं प्याल्यावर मानकऱ्यांना नाही म्हणता येतंय होय? मला यात फार आवडतं ते असं, की महाराजांनी १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा सगळ्यांना खुल्या करायचे हुकूम काढलेच होते, पण हुकूम काढून ते थांबले नाहीत. गिऱ्हाईक म्हणून दारात गेले.

मग मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली, शाहू महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर आले. १९२५ च्या एप्रिलात बाबासाहेब आमच्या निपाणीला आले, मुंबई इलाख्यातल्या बहिष्कृत वर्गाच्या परिषदेला. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ, पुणे-बेंगळूर रस्त्यावरचं गजबजलेलं गाव. दूरदूरचे व्यापारी यायचे, पैसा होता, तसा चहाही आला. आणि त्याच रस्त्यानं दक्षिण कन्नड जिल्ह्यातली माणसं वर सरकत होती. १९२३ च्या मोठ्या पुरात तिकडं हाहाकार झाला, त्यानंतर हा ओघ वाढला. उडुपीकडची पोरं हॉटेलात कपबशा धुवायला लागायची, मग आचारी व्हायची, मग मालक. मुंबईत माटुंग्याला १९४२ मध्ये रामा नायकांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू झालं ते या लाटेतलंच. मधल्या रस्त्यावरच्या गावांनाही एकेक उडुपी हॉटेल मिळालं. इडली, वडा, दोसा आमच्या ओळखीचे झाले ते त्यांच्यामुळं.

इथं एक घरचीच गोष्ट सांगते. वडिलांचे एक शाळासोबती होते, शेजारच्या खेड्यातले, महारवाड्यातले. १९५० च्या आधीची गोष्ट, दोघंही हायस्कुलातले. बाजाराला आले की दोघं एका हॉटेलासमोर जायचे. हॉटेलाचं नाव लिहीत नाही, आता ते राहिलेलंही नाही. वडील आत बसू शकत होते. मित्रासाठी बाहेर वळचणीला कान तुटलेला कप ठेवलेला असायचा. तो आपणच घ्यायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, धुवायचा आणि परत वळचणीला खोचायचा. पैसे मात्र सारखेच! वडीलही बाहेर पायरीशी उभं राहूनच प्यायचे. आत बसले नाहीत. बरं, मालकाला त्यांनी कधी जाबही विचारला नाही. वडील म्हणायचे, "त्याला बाहेर आणि मला आत, असा चहा घशाखाली उतरत नव्हता. तेवढंच." मी एकदा विचारलं, मग भांडला का नाहीत? त्यावर गप्प राहिले.

संविधान आलं. त्याच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जातीवरून तिथं कोणाला अडवता येणार नाही. मोठ्या हक्कांच्या यादीत हॉटेलाचं नाव कशाला, असं आजच्या पोरांना वाटेल. वळचणीचा कप ज्यानं धुतलाय त्याला नाही वाटणार. सतराव्या कलमानं अस्पृश्यताच रद्द केली, १९५५ मध्ये गुन्ह्यांचा कायदा आला. तरी तो कप एका दिवसात गेला नाही. आधी बाजारपेठेतून गेला, मग मोठ्या गावांतून. खेड्यापाड्यांतल्या चहाच्या टपऱ्यांवर मी स्वतः तो सत्तरच्या दशकात पाहिलाय. वडिलांचे ते मित्र पुढं शिक्षक झाले. त्यांनी आत बसून पहिल्यांदा काय मागवलं असेल? वडिलांना आठवत होतं. पुरीभाजी, आणि दोन वेळा.

आता त्या दहाच्या न्याहारीकडं वळते, कारण गावची खरी गंमत तिथंच होती.

वडिलांचं मिरचीचं अडत दुकान. संकेश्वरी मिरचीचं नाव तुम्हाला सांगायला नको. लांबट, बारीक, लालभडक आणि जिभेला चटका देणारी. कोल्हापूरची कांदा-लसूण चटणी करताना रंगाला ब्याडगी घेतात आणि तिखटाला संकेश्वरी. म्हणजे कोल्हापूरच्या मिसळीचा नावाजलेला कट आमच्या गावच्या मातीशिवाय पुरा होत नाही! हंगामात माल यायला लागला की रस्त्यावर उभं राहणं मुश्कील. डोळे चुरचुरायचे, शिंका थांबायच्या नाहीत. गाड्या रात्रीच यायच्या, शेतकरी गाडीखालीच झोपायचा, सकाळी सवदे, वजनं, आणि दहाच्या सुमारास हातात थोडे पैसे. मग अडत्यानं आपल्या शेतकऱ्याला हॉटेलात न्यायचं, हा रिवाज. "पावणं, चला की," म्हणायचं. शेतकरी आधी नको-नको म्हणायचा, मग यायचा. कन्नड बोलणारा असला तर "बर्री, चहा कुडीरी."

आत लाकडी बाकडी, संगमरवरी पाटीचं टेबल, भिंतीवर देवांच्या तसबिरी आणि गल्ल्यावर मालक. पोऱ्या एका हातात चार ग्लास बोटं बुडवून आणायचा. हे कोणाला खटकायचं नाही. खायला काय? मिसळ, आणि तिच्यासोबत पाव नव्हे, ब्रेडच्या स्लाइस, कोल्हापूरसारख्या. कट दोनदा-तीनदा मागून घ्यायचा, त्याचे पैसे नाहीत. कटवडा. पुरीभाजी. उप्पीट, म्हणजे तुमच्या पुण्याचा उपमा, कन्नड 'उप्पिट्टू'चा आमचा अवतार. शिरा. मिरचीभजी. कधी सुशला, भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा. लोण्याचा दोसा मागाहून आला, दावणगेरीहून वर चढत चढत. चहा बशीत ओतून, आवाज करत. दोघांत एक घ्यायचा तर 'बाय टू' म्हणायचं. ही बेंगळूरकडची भाषा आमच्या पोऱ्यालाही यायची.

हे खाऊन शेतकरी दुपारपर्यंत गाडी हाकत घरी जायचा. त्याच्यासाठी ते नाष्टाही होतं आणि जेवणही. बेरिंजरसाहेबांनी वकिली केली नसती तरी चाललं असतं.

खाताना जे बोलणं व्हायचं तेही महत्त्वाचं. भाव, पाऊस, सोयरिकी, कर्ज, पुढारी सगळं तिथंच. वर्तमानपत्र एकच यायचं, त्याची पानं सुटी होऊन टेबलाटेबलांवर फिरायची आणि कोणीतरी मोठ्यानं वाचायचा. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवसांत हॉटेलातले आवाज किती चढायचे ते वडील सांगायचे. मराठीसाठी सत्याग्रहाला गेलेले आणि कन्नड संघटनांत काम करणारे एकाच बाकड्यावर बसायचे, कारण दुसरं बाकडं रिकामं नसायचं. १९६७ च्या महाजन अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं होतं, बेळगाव नव्हतं. कोणीच खूश नव्हतं. खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पाट्या बदलल्या, एस.टी.च्या जागी म्हैसूर परिवहनच्या बशी आल्या, मुलांच्या शाळेचं माध्यम हा घराघरातला वाद झाला. सीमाप्रश्नाचं दुःख खरं आहे आणि ते मी हलकं करत नाही. पण हेही खरं की कट वाढणारा उडुपीचा, मिरची कन्नड शेतकऱ्याची, अडत्या मराठी आणि खाणारे सगळे. 'सीमाभागातल्या लोकांना दोन्हीकडचं चांगलं खायला मिळतं' असं पुण्याचे पाहुणे म्हणतात तेव्हा मला थोडा रागही येतो. फक्त खाण्याचंच बघितलंत होय?

एवढं सगळं लिहिलं, पण त्या बाकड्यांवर एक बाई नव्हती. वळचणीच्या कपाचा हिशेब संविधानानं मांडला, आमचा कोणी मांडला नव्हता. भाजी विकायला आलेल्या, मिरच्या निवडायला आलेल्या बायका हॉटेलाच्या पायरीवर किंवा मागच्या दाराशी चहा घ्यायच्या. घरंदाज म्हणवणाऱ्या घरातल्या बायकांना तेही नाही. हॉटेलात जाणारी बाई म्हणजे काय, हे वाक्य कोणी पुरं करायचं नाही, करायची गरजच नव्हती. आमच्या घरात हॉटेलचं खाणं यायचं ते पुड्यात. वडील रविवारी भजी किंवा म्हैसूरपाक आणायचे. वर्तमानपत्राचा तेलकट कागद आई उलगडायची आणि त्यावरची बातमीही वाचायची. पुड्यातल्या भजीला वाफ येऊन ती मऊ पडलेली असायची. कुरकुरीत भजी कशी लागते हे आमच्या आईला वयाच्या चाळिशीपर्यंत फक्त घरच्या कढईमुळं माहीत. तिथं सगळ्यांना वाढून झाल्यावर ती खायची, म्हणजे तेव्हाही गारच.

मग फॅमिली रूम आली. मुंबई-पुण्याच्या इराण्यांकडं ती आधीपासून होती. आमच्याकडं साठ-सत्तरच्या दशकात हॉटेलांनी मागच्या बाजूला लाकडी फळ्यांचे कप्पे केले. दाराला अर्धा पडदा, आत चार खुर्च्या, वर 'फॅमिली रूम' अशी पाटी, मराठीत, नंतर कन्नडमध्ये. आजच्या मुलींना तो अपमान वाटतो, आणि त्यांचं बरोबर आहे. बाई दिसू नये म्हणून पडदा! पण त्या पडद्यामुळंच आमच्या आया आत जाऊ शकल्या, हेही लिहून ठेवायला हवं. अर्धा पडदाच पण दार तरी.

आईला आम्ही तिथं नेलं ते १९७४ च्या सुमाराला. नेलं म्हणजे, मामाचं लग्न ठरलं होतं, कापड घ्यायला सगळे निपाणीला गेलो होतो, अकरा वाजले, लहान भाऊ भुकेनं रडायला लागला. मामाच म्हणाले, "अक्का, चल आत, कोण बघतंय?" आजी सोबत होती. आम्हाला वाटलं ती नाही म्हणणार. आजी पदर सावरून सरळ आत शिरली आणि खुर्चीवर मांडी घालून बसली. मसाला दोसा आला. आईनं आधी तो उचलून खालून बघितला, मग वरून, आणि विचारलं, "तवा केवढा असेल हो?" पहिला घास गरम होता. तोंड भाजलं तिचं. तशीच खात राहिली. कोणाला वाढायचं नव्हतं, कोणाचं संपलं बघायचं नव्हतं, भांडी घासायची नव्हती. आजीनं सगळं संपवलं आणि म्हणाली, "बटाट्याची भाजी आपलीच की गं, नुसती गुंडाळलीया." घरी आल्यावर आजोबांना कोणी काही सांगितलं नाही. त्यांना कळलं असणारच. लुगड्याला सांबाराचा डाग होता.

त्यानंतर वर्षातून दोन-तीनदा जाणं व्हायचं, नेहमी कशाच्या तरी निमित्तानं. दवाखाना, कापडखरेदी, परीक्षेचा निकाल. नुसतं खायला म्हणून बाई घराबाहेर पडली असं व्हायचं नाही, निमित्त लागायचंच. मी बेळगावात कॉलेजला असताना आम्ही मैत्रिणी पहिल्यांदा पुरुषमाणूस सोबत न घेता हॉटेलात गेलो. तेव्हाही वेटरनं न विचारता पडद्याआड बसवलं. मैत्रीण म्हणाली, "बाहेर बसू की." बसलो. लोकांनी पाहिलं. दोन चहा आणि एक उप्पीट तिघींत खाऊन दहा मिनिटांत उठलो. गप्पा-बिप्पा काही झाल्या नाहीत, पाय थरथरत होते.

फळ्या कधी गेल्या ते नेमकं सांगता यायचं नाही. नव्वदच्या दशकात एकेक हॉटेल सनमायकाचं झालं, आरसे लागले, आणि कप्पे काढून हॉल केला. जागा जास्त मिळते म्हणून केला असेल, बायकांचा विचार करून नव्हे. पण झालं.

मग रस्ता चौपदरी झाला. पी.बी. रोडवरची रहदारी बाहेरून जायला लागली. पूर्वी पुण्याहून बेंगळूरला जाणारा प्रवासी गावात उतरून चहा घ्यायचा, आता तवंदीचा घाट उतरला की थेट हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात थांबतो. तिथं गाड्या लावायला जागा आहे, स्वच्छतागृह आहे, आणि बायकांसाठी मी म्हणेन की ही फार मोठी सोय आहे. जुन्या हॉटेलात आत बसायला परवानगी मिळाली तरी ती सोय नव्हती, आणि त्यामुळं आई प्रवासात पाणीच प्यायची नाही. गावातली दोन-तीन जुनी हॉटेलं बंद पडली. मालकांची मुलं इंजिनिअर झाली, उडुपीची काही परत उडुपीला गेली. जी आहेत ती सकाळी चालतात. मिसळ साडेअकराला संपते, मग शटर अर्धं.

गेल्या दिवाळीत नात, सून आणि मी असं तिघीच बेळगावात कॅफेत गेलो. अकरा वाजले होते. पलीकडच्या टेबलावर मुलं-मुली लॅपटॉप उघडून बसलेली, एक मुलगी एकटीच पुस्तक वाचत कॉफी पीत होती. एकटी! मी तिच्याकडंच बघत राहिले. सुनेनं टोस्ट, अंडी, असं काहीबाही मागवलं. बिल बघून मला मिरचीचा भाव आठवला. चव बेताची होती, खरं सांगते. कटाची सर नाही. पण सून अडीच तास तिथं बसली, मोबाईल उलटा ठेवून, आणि घरात जे कधी बोलली नव्हती ते बोलली. नोकरीतलं, तिच्या आईच्या आजाराचं. घरी ते जमलं नसतं, कोणीतरी हाक मारली असती.

वडिलांचे ते शिक्षक मित्र अजून आहेत, नव्वदी पार केलीय. मागं भेटायला गेले तेव्हा मी ही सगळी टिपणं वाचून दाखवली आणि विचारलं, काका, लिहू का? म्हणाले, "लिही. पण पुरीभाजी दोनदा न्हवं, तीनदा. तुझ्या बाबानं पैसे दिलेले म्हणून त्याला दोनच आठवत्यात."

कोणाच्या घरी निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज भागातल्या जुन्या हॉटेलांचे फोटो असतील, विशेषतः आतले, बाकड्यांचे किंवा फॅमिली रूमच्या पाटीचे, तर जरूर कळवा. आणि तुमच्या आईनं किंवा आजीनं पहिल्यांदा हॉटेलात बसून काय खाल्लं होतं, ते त्या आहेत तोवर विचारून घ्या.